पथदिवे आणि रस्त्यांची देखभाल : ठेकेदाराचे देयक निघण्यापूर्वी तपासणी नेमकी कोण करते?

वाटसरू :

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका 'ब' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो. आमच्या प्रभागात बाजारपेठेपासून माध्यमिक शाळेपर्यंत जाणारा सुमारे नऊशे मीटर लांबीचा रस्ता आहे आणि त्यावर पथदिव्यांचे ३८ खांब आहेत. दिवाळीनंतर मी आणि माझे दोन शेजारी सलग दहा रात्री साडेआठच्या सुमारास या रस्त्यावरून चालत गेलो आणि प्रत्येक खांबाची नोंद वहीत केली. अकरा दिवे दहाही रात्री बंद होते, चार दिवे लुकलुकत होते, आणि एक दिवा भर दुपारीसुद्धा चालू असतो हे नंतर लक्षात आले. खांबांवर क्रमांक रंगवलेले आहेत, परंतु चौदा खांबांवरचे क्रमांक पुसले गेल्यामुळे तक्रार करताना 'किराणा दुकानासमोरचा खांब', 'पिंपळाजवळचा खांब' अशा खुणा लिहाव्या लागतात.

मी नगरपरिषदेच्या ऑनलाइन प्रणालीवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' असा संदेश आला. त्या रात्री मी मुद्दाम जाऊन पाहिले, तर एकही बंद दिवा लागलेला नव्हता. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तोच संदेश आला.

याच रस्त्याचे डांबरीकरण गेल्या एप्रिलमध्ये झाले आणि जुलै संपण्याआधी त्यावर खड्डे पडले. कामाच्या फलकावर दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, तीन वर्षे असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात आमच्या शेजारच्या काकू बंद दिव्याखालच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्या घरोघरी स्वयंपाकाला जातात. दीड महिना त्यांचे काम बंद होते.

तक्रार कुठे करावी, हा माझा प्रश्न नाही, कारण ते मार्ग मी वापरून पाहिले आहेत. दिव्यांच्या देखभालीचे देयक ठेकेदाराला दरमहा मिळते, आणि रस्त्याचे देयकही मिळालेलेच आहे. ही देयके मंजूर होण्यापूर्वी काम झाले की नाही, हे कोण पाहते, कशाच्या आधारे पाहते, आणि ते पाहण्यात नागरिकाला कुठे स्थान आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त उपअभियंता :

वाटसरू, आपण दहा रात्री खांब मोजले याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो. माझ्या नोकरीच्या काळात अशी वही घेऊन कोणी कार्यालयात आले असते, तर त्याला नुसत्या आश्वासनावर परत पाठवणे आम्हाला कठीण गेले असते.

कायद्याचा पाया आधी सांगतो. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यातील अठरा विषयांत रस्ते व पूल आहेत आणि पथदिवेही आहेत. राज्याच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४९ने तर सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आहे. ठेकेदार नेमला म्हणून हे कर्तव्य ठेकेदाराकडे जात नाही, ते नगरपरिषदेकडेच राहते. दिवा बंद असेल तर उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल त्यामुळे शंका उरत नाही.

आता आपला मुख्य प्रश्न. रस्त्याच्या कामात देयकाचा आधार असतो तो मोजमाप पुस्तिकेचा, जिला आम्ही 'एमबी' म्हणत असू. कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष जागेवर लांबी, रुंदी आणि थराची जाडी मोजून नोंद करतो, वरिष्ठ अभियंता त्यांपैकी काही मोजमापे स्वतः पुन्हा घेऊन पडताळतो, त्यानंतर लेखा विभाग देयक तपासतो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या मंजुरीने रक्कम निघते. कागदावर ही साखळी चांगली आहे. ती तुटते पहिल्याच कडीशी, म्हणजे जेव्हा मोजमाप जागेवर न घेता अंदाजपत्रकातील आकडे पुस्तिकेत उतरवले जातात तेव्हा. पुढची प्रत्येक सही मग त्या पहिल्या नोंदीवर विसंबून होते.

जाडीतला फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. आपला रस्ता ९०० मीटर लांब आहे. तो साडेपाच मीटर रुंद आहे आणि वरचा डांबरी थर ३० मिलिमीटरचा ठरला होता, असे धरू. घनफळ होते १४८.५ घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचे वजन घनमीटरला साधारण २.३ टन धरले तर सुमारे ३४० टन माल लागतो. थर २५ मिलिमीटरचाच टाकला तर २८५ टन पुरतो. पाच मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही कमी, पण नऊशे मीटरमध्ये त्याचे पंचावन्न टन होतात. सोळा टनांचा एक डंपर धरला तर साडेतीन गाड्यांचा माल कमी पडला, आणि गाड्या तर गल्लीत उभा राहिलेला कोणीही मोजू शकतो. काम चालू असताना किती डंपर आले याची नोंद आपल्यापैकी कोणी ठेवली असेल, तर ती आजही उपयोगी पडेल, कारण देयकाला डांबराच्या पावत्या आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या जोडाव्या लागतात आणि आपली नोंद त्यांच्याशी ताडून पाहता येते.

जुलैतच खड्डे पडण्याचे कारण केवळ जाडी असेल असे नाही. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना ते किमान १४० अंश सेल्सिअस असले पाहिजे आणि रोलर फिरेपर्यंत ते ९० अंशांच्या खाली जाता कामा नये. माल लांबून आला, वाटेत थंड झाला आणि तसाच पसरला, तर तो वरून काळा आणि सपाट दिसतो, पण आत पोकळ राहतो. पहिल्या पावसाचे पाणी त्या पोकळीत शिरते. खड्डे रस्त्याच्या कडेने, गटाराच्या बाजूला अधिक असतील तर पाण्याचा निचरा हे कारण असेल. मधोमध आणि विखुरलेले असतील तर मिश्रणाकडे बघावे लागेल. ज्या जागी जाडीचा संशय आहे तिथे यंत्राने गोल नमुना कापून काढता येतो आणि पट्टी लावून जाडी मोजता येते. त्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

पथदिव्यांचे मात्र वेगळे आहे आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. रस्त्याला निदान मोजमाप पुस्तिका असते. दिव्यांची देखभाल ही सेवा असल्यामुळे देयक 'इतक्या दिव्यांची इतक्या महिन्यांची देखभाल' असे येते, आणि किती दिवे किती रात्री बंद होते याचा तक्ता अनेक ठिकाणी ठेकेदारच तयार करून देतो. करारात बंद दिव्यामागे दर दिवसाला दंडाची तरतूद असते, परंतु दंड मोजायचा कशावरून, तर त्याच तक्त्यावरून. आपल्याला तिसऱ्या दिवशी जो निराकरणाचा संदेश आला, तो देणारी व्यक्ती नगरपरिषदेची होती की ठेकेदाराची, हे अवश्य शोधा. बहुतेक सगळे उत्तर तिथेच मिळेल.

आपल्या वहीवरून दोन गोष्टी मी इथे बसून सांगू शकतो. अकरा बंद दिवे जर सलग खांबांवर असतील, तर दोष दिव्यांचा नसून केबलचा किंवा तारेचा आहे. ती दुरुस्ती देखभालीच्या करारात बसते की वीज वितरण कंपनीकडे जाते, यावर कागद फिरत राहतात आणि रस्ता अंधारात राहतो. ते विखुरलेले असतील तर मात्र बदलायचे दिवे ठेकेदाराने बदललेले नाहीत. आणि दुपारी जळणारा तो एकटा दिवा बहुधा पथदिव्यांच्या वेगळ्या तारेऐवजी थेट दुसऱ्या फेजला जोडला गेला आहे. नियंत्रण पेटीतले टायमर बिघडले असते तर एक दिवा नव्हे, सगळी ओळ दिवसा पेटलेली दिसली असती.

वीजबिलही मागवा. ३८ दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे आणि रोज अकरा तास धरले, तर महिन्याला साधारण ५६४ युनिट होतात. अकरा बंद असतील तर ४०० युनिटच्या आसपास खप दिसायला हवा. बिल कोणत्या मीटरचे आणि त्या मीटरवर कोणते खांब आहेत, हे जुळवून घेतले की बिलाचा आकडाच सांगेल की दिवे खरोखर लागत होते का.

माजी नगरसेविका :

साहेबांनी जे लिहिले ते बरोबर आहे, पण मोजमापावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. मी पाच वर्षे सभागृहात होते. सभेपुढे देयकांचा विषय यायचा तेव्हा एका ओळीत कामाचे नाव, एका ओळीत रक्कम, आणि सोबत अभियंत्यांचा 'काम समाधानकारक' असा शेरा असायचा. मी एकदा पथदिव्यांच्या देयकाला खांबनिहाय यादी जोडण्याची मागणी केली, तेव्हा यादी आली आणि तिच्यात आमच्याच गल्लीतला एक खांब होता, जो रस्ता रुंद करताना दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता. त्या जागी आता रिक्षा थांबतात. कागद व्यवस्थित भरलेला असणे आणि काम झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकले.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री विद्युत विभागाचा कर्मचारी, ठेकेदाराचा माणूस, प्रभागातील नगरसेवक आणि दोन रहिवासी अशी फेरी निघायची. प्रत्येक प्रभागाचा एक तक्ता तिथल्या तिथे भरून सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, आणि तो तक्ता देयकाला जोडल्याशिवाय लेखा विभाग देयक पुढे पाठवत नसे. यासाठी वेगळा कायदा लागला नाही, सभेच्या ठरावावर काम भागले. पहिल्या तीन महिन्यांत दंडाची रक्कम वाढली, नंतर ती आपोआप कमी झाली, कारण दिवे वेळेवर बदलले जाऊ लागले. मला त्या फेऱ्यांमध्ये सर्वांत जास्त उपयोग झाला तो रहिवाशांचा. कर्मचाऱ्याला खांबाचा क्रमांक माहीत असतो, पण हा दिवा रात्री दहानंतर बंद पडतो आणि पहाटे पुन्हा लागतो, हे समोरच्या घरातल्या आजींनाच माहीत असते.

माझी मुदत संपल्यावर राज्यातील इतर अनेक शहरांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासकांचा काळ आला. निवडणुका लांबल्या, सभागृह नव्हते, ठरावाची आठवण देणारे कोणी नव्हते, आणि फेरी बंद पडली. प्रशासकांनी वाईट काम केले असे मी म्हणत नाही. पण काम करवून घेणारा आणि कामावर प्रश्न विचारणारा एकच माणूस असेल, तर प्रश्न विचारला जात नाही. नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि आता पुन्हा निवडून आलेले सदस्य बसले आहेत. वाटसरू, तुमच्या नगरसेवकाकडे ही वही घेऊन जा आणि तक्रार दूर करा असे न म्हणता असा ठराव मांडा असे म्हणा. नवीन सदस्याला पहिल्या वर्षात काम दाखवायचे असते, त्यामुळे ही वेळ चांगली आहे.

वाटसरू :

ताई, आपल्या ठरावाची कल्पना फार मोलाची आहे. साहेब, वही पुन्हा पाहिली. अकरापैकी सात दिवे सलग आहेत, शाळेच्या वळणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. उरलेले चार विखुरलेले आहेत. म्हणजे दोन्ही प्रकारचे दोष आहेत असे दिसते. या दृष्टीने मी कधी पाहिलेच नव्हते.

ग्रामपंचायत सदस्य :

शहरांची चर्चा चालू आहे म्हणून गावाची बाजू थोडक्यात मांडतो. आमच्याकडे ठेकेदारापेक्षा वीजबिलाचाच प्रश्न मोठा आहे. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यातील कितीतरी गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, आणि पुढे ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत असे ठरले. त्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. उरलेल्या भागातूनच बिल, दिव्यांची खरेदी, गल्लीतले काँक्रीट आणि बाकी सगळे करावे लागते. आमच्या ग्रामसभेत दिव्यांची खरेदी वाचून दाखवली जाते, ही एक चांगली गोष्ट आहे, आणि गाव लहान असल्यामुळे पन्नास दिवे घेतले की चाळीस, हे लपत नाही. परंतु शेवटचा दिवा गेला की नवा आणायला पैसे नाहीत, हे सांगणे सरपंचांच्या वाट्याला येते. वाटसरूंनी बिलाची चौकशी करताना थकबाकी आहे का तेही पाहावे.

वकील :

वर आलेल्या माहितीत कायद्याच्या बाजूने काही भर घालतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हणजे फक्त कागदांच्या प्रती मागणे असा समज आहे. कलम २ मधील व्याख्येत चालू किंवा झालेल्या कामाची, कागदपत्रांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. वाटसरूंनी रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची पाहणी आणि वरच्या डांबरी थराचा प्रमाणित नमुना या दोन्ही गोष्टी मागाव्यात. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून रस्त्याचा अर्ज वेगळा आणि दिव्यांचा वेगळा करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पहिले अपील करावे, आणि तिथेही थांबू नये.

काकूंच्या मनगटाबद्दल वाचून वाईट वाटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून चालत आलेल्या खड्ड्यांच्या स्वयंप्रेरित (न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या) जनहित याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ रोजी जो आदेश दिला, तो त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. चांगले, सुरक्षित रस्ते मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, हे न्यायालयाने आधीच म्हटलेले होते. या आदेशात पुढे जाऊन खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे सांगितले. दावे पाहण्यासाठी स्थानिक संस्थेचे प्रमुख अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमायला सांगितली. लक्षात आलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा असेही म्हटले आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची बाब : संस्थेने दिलेली भरपाई नंतर दोषी अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची आहे. म्हणजे पाच मिलिमीटर कमी टाकल्याचा खर्च ज्याने तो वाचवला त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आता उपलब्ध आहे.

काकूंनी दवाखान्याची कागदपत्रे, क्ष-किरणाची प्रत, पडल्याची तारीख व वेळ, त्या जागेची छायाचित्रे आणि पडल्यावर त्यांना कोणी उचलले असल्यास त्यांची लेखी निवेदने एकत्र ठेवावीत. दीड महिन्याचे बुडालेले उत्पन्न ज्या घरांमध्ये त्या काम करतात, त्यांच्याकडून एका ओळीत लिहून घ्यावे. अर्जासाठी वकील नेमण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना मोफत साहाय्य देते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक सावधगिरी. सर्वांत आधी तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी खात्री करा. शहरातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि त्यावरचे दिवे नगरपरिषदेचे, असे अनेक ठिकाणी असते. चुकीच्या कार्यालयात गेलेला दावा महिनोन्महिने पडून राहतो.

निवृत्त उपअभियंता :

ताईंचा अनुभव माझ्या नोंदीपेक्षा पुढचा आहे हे मान्य करतो. मोजमाप घेणारा एकटा असू नये, हे मी माझ्या पहिल्या उत्तरातच लिहायला हवे होते. जी गोष्ट एकट्याने मोजली जाते ती एकट्याने बदलताही येते.

दंडाबाबत मात्र एक भर. फेरी महिन्यातून एकदा निघाली तर त्या एका रात्रीपुरते दिवे दुरुस्त करून ठेवण्याची सवय लागते. फेरीचा दिवस आधी जाहीर करू नये, आणि आपल्यासारख्या रहिवाशांच्या रोजच्या वहीलाही तक्त्यासोबत जोडपत्र म्हणून मान्यता मिळावी, असे ठरावातच लिहून घ्या. आणि मागण्यांत खांबांचे क्रमांक पुन्हा रंगवण्याची मागणी पहिली ठेवा. क्रमांक नसलेल्या खांबाची तक्रारही नीट नोंदवता येत नाही आणि दंडही लावता येत नाही.

वाटसरू :

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी नगरपरिषदेत गेलो होतो. रस्ता नगरपरिषदेच्याच ताब्यात आहे, हे नगर अभियंत्यांच्या कार्यालयातून लेखी मिळाले. तक्रार प्रणालीवर निराकरणाची नोंद ठेकेदाराचाच कर्मचारी करतो, हेही तिथल्या लिपिकांनी स्पष्ट सांगितले. साहेबांचा अंदाज बरोबर निघाला.

दोन अर्ज तयार केले आहेत. रस्त्याच्या अर्जात कामाचे नाव, कार्यादेश क्रमांक, मोजमाप पुस्तिकेची पाहणी, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या आणि शाळेसमोरच्या जागेचा नमुना मागितला आहे. दिव्यांच्या अर्जात गेल्या बारा महिन्यांची देयके, त्यांना जोडलेले बंद दिव्यांचे तक्ते आणि कापलेला दंड मागितला आहे. आमच्या नगरसेविका नवीन आहेत. त्यांनी वही ठेवून घेतली आहे आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ठराव घेण्याचे मान्य केले आहे. काकूंना घेऊन मी सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे.

अर्जात काही राहून गेले असल्यास कृपया सांगावे.

निवृत्त उपअभियंता :

एकच. रस्त्याच्या अर्जात ठेकेदाराची सुरक्षा अनामत अजून नगरपरिषदेकडे जमा आहे की परत दिली, हेही विचारा. दोषदायित्वाची तीन वर्षे संपण्याआधी ती परत गेली असेल, तर खड्डे बुजवायला त्याला भाग पाडण्याचे मुख्य साधन हातातून गेलेले असेल. तसे आढळले तर नमुन्याची वाट पाहत बसू नका. पुस्तिकेची पाहणी आधी करा आणि ज्या पानावर शेवटचे मोजमाप आहे त्याची तारीख व सह्या टिपून घ्या.